सनाखालची खूण

चिपळूणहून एका वाचक भगिनींनी लिहिले आहे:

"माझे वडील एस.टी.त वाहक होते. तिकिटाच्या पिशवीत एखादे वेगळे नाणे आले की ते आपल्या खिशातले पैसे हिशेबात भरत आणि ते नाणे घरी आणत. ते गेल्यावर बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे माझ्याकडे आले. त्यातला एक २०२१ च्या पुरात दुकानातच राहिला होता, त्यामुळे त्यातील नाण्यांवर अजून चिखल आहे. माझे झेरॉक्स आणि स्टेशनरीचे छोटे दुकान आहे. नववीतल्या मुलाला सध्या या नाण्यांचा नाद लागला आहे. वैष्णोदेवीचे नाणे दहा लाखांना जाते असा व्हिडिओ त्याने दाखवला. मी नाण्याचा फोटो पाठवला, नोंदणीचे १,१५० रुपये भरले, आणि आता ते लोक 'रिझर्व्ह बँकेच्या प्रमाणपत्रा'साठी ६,५०० मागत आहेत. ते भरावेत का? दुसरे म्हणजे १९८५ च्या एका रुपयावर सनाखाली इंग्रजी एच अक्षर आहे, ते नाणे खोटे आहे का? तांब्याची अकरा जाड, वेडीवाकडी नाणीही आहेत. ती चिंचेने घासावीत का? मस्कतचा भाऊ त्यातली चार मागतो आहे. आणि कमी पैशांत हा छंद करण्यासारखा आहे का, तेही सांगावे."

सप्रेम नमस्कार.

६,५०० रुपये भरू नका. हे उत्तर पहिल्याच ओळीत देतो, कारण बाकीचे सारे सावकाश वाचता येईल, पण हे नाही. जुन्या नाण्यांच्या व नोटांच्या खरेदी-विक्रीशी आपला काहीही संबंध नाही, अशा व्यवहारासाठी आपण कोणतेही शुल्क वा दलाली मागत नाही आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून स्पष्ट केले आहे. तेव्हा बँकेचे 'प्रमाणपत्र' हा प्रकारच अस्तित्वात नाही. गेलेल्या १,१५० रुपयांसाठी १९३० या सायबर मदत क्रमांकावर आजच तक्रार नोंदवा, आपल्या बँकेलाही कळवा, आणि त्या माणसाशी झालेले संभाषण पुसून न टाकता जपून ठेवा. नोंदणी, मग प्रमाणपत्र, मग जीएसटी, मग विमा, अशी ही पायऱ्यांची उतरण असते आणि प्रत्येक पायरीवर 'एवढे भरलेच आहेत, तर हेही भरू' असे वाटत जाते. यात आपल्याला संकोच वाटण्याचे कारण नाही. चांगली शिकलेली, हिशेबात पक्की माणसे या उतरणीवर घसरलेली मी पाहिली आहेत.

राहिला प्रश्न त्या नाण्याचा. श्री माता वैष्णोदेवी श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २०१२ सनाची पाच आणि दहा रुपयांची नाणी निघाली आणि ती व्यवहारासाठीच निघाली. आपल्या गल्ल्यात ती आजही येऊ शकतात. चांगल्या स्थितीतील नाण्याला संग्राहक दर्शनी किमतीपेक्षा थोडे अधिक देईल, पण त्यात लाख तर सोडाच, हजारही नाही. हे नाणे मुलाच्या वहीत जरूर असावे. त्याची जागा मात्र इतर स्मारक नाण्यांच्या शेजारी आहे, तिजोरीत नाही.

आता आपण ज्याविषयी सगळ्यात कमी लिहिले आहे, त्या एच अक्षराकडे येतो, कारण आपल्या संपूर्ण पत्रात मला सर्वांत आनंद त्या एका ओळीने झाला. ते नाणे खोटे नाही. तो रुपया इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे पाडलेला आहे आणि एच ही तेथील हीटन या जुन्या टांकसाळीची खूण आहे. १९८५ च्या सुमारास देशात सुट्या पैशांची एवढी टंचाई झाली की आपल्या टांकसाळींना मागणी पुरवता येईना आणि सरकारने परदेशी टांकसाळींकडून नाणी पाडून घेतली. आपल्या वडिलांनी त्या वर्षांत बसमध्ये सुट्या पैशांवरून किती वाद सोसले असतील याची कल्पना करा, म्हणजे हे नाणे त्यांनी का बाजूला ठेवले असेल हेही लक्षात येईल. बाजारात त्याला फार भाव नाही, कारण ही नाणी मोठ्या संख्येने आली होती. परंतु सनाखालचे ते टाचणीच्या डोक्याएवढे अक्षर दिसणे आणि 'हे इथे का?' असा प्रश्न पडणे, नाणेसंग्रहाची सुरुवात इथूनच होते, आणि ती आपल्या घरात झालेली आहे.

म्हणून मुलाला आधी ही खूण वाचायला शिकवा. भारतात आज चार टांकसाळी आहेत. मुंबईच्या नाण्यावर सनाखाली लहानसा चौकट, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखा आकार, असतो. हैदराबादच्या नाण्यावर पाच टोकांची चांदणी असते. नोएडाच्या नाण्यावर गोल टिंब असते. आणि कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नसते. हे 'काहीच नसणे' हीदेखील एक खूण आहे, हे नवशिक्यांना पटायला वेळ लागतो. नोएडाची टांकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली, तेव्हा त्याआधीच्या सनाच्या नाण्याखाली टिंबासारखे काही दिसले तर ते नोएडाचे असू शकत नाही, हे मुलाने स्वतः ताडावे. हैदराबादची टांकसाळ मुळात निजामाची. १९५० मध्ये ती भारत सरकारकडे आली आणि सुरुवातीच्या काळात तिच्या खुणा वेगळ्या होत्या. चिरलेला चौकट किंवा पोटात टिंब असलेला चौकट दिसला, तर तो झिजलेला मुंबईचा चौकट समजून पुढे जाऊ नका. वडिलांच्या डब्यात नव्या पैशांच्या काळातील, म्हणजे १ एप्रिल १९५७ पासून १ जून १९६४ ला 'नया' शब्द गळेपर्यंतची, नाणी असतील, तर त्यांवर अशा खुणा सापडण्याची शक्यता चांगली आहे.

परदेशी खुणांचा दुसरा बहर नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस आला. १९९७ च्या स्टीलच्या रुपयावर सनाखाली एम आणि त्याच्या डोक्यावर अगदी बारीक शून्य असेल, तर तो रुपया मेक्सिकोत पाडलेला आहे. १९९८ च्या रुपयावर एम आणि के ही अक्षरे असतील, तर तो स्लोव्हाकियातील क्रेम्निका या गावच्या टांकसाळीतून आला आहे. १९९८ च्या दोन रुपयांच्या अकरा कोनी नाण्यावर लंबगोलात एम असेल, तर ते दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरियाचे. आणि १९९९ च्या सुमाराच्या पाच रुपयांच्या जाड नाण्यावर एम, एम आणि त्यानंतर छोट्या पायांवर उभ्या घरासारखे एक अक्षर दिसले, तर ती रशियन लिपी आहे, नाणे मॉस्कोचे. या सर्व नाण्यांवर सिंह आपलेच आहेत, भाषा आपल्याच आहेत, आणि चिपळूणच्या भाजीबाजारात ती पालक-मेथीच्या बदल्यात सर्रास फिरली आहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली गत होती.

यातले एक कसे ओळखायचे ते सविस्तर सांगतो. १९९८ चा रुपया घ्या. बोटांनी त्याच्या कडा धरा, पृष्ठभागावर बोट टेकवू नका. दुकानातल्या टेबलावरचा दिवा डोक्यावर न ठेवता बाजूला, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर आणा, म्हणजे प्रकाश नाण्यावरून घसरत जाईल आणि उठाव असलेल्या प्रत्येक रेषेला सावली पडेल. मग दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याच्या अगदी जवळ धरून नाणे त्याच्याजवळ आणा. भिंग नाण्यावर ठेवून दुरून पाहणे चूक. सनातील शेवटच्या आठाखाली न पाहता चारही आकड्यांच्या मध्यावर खाली पाहा. चांदणी झिजली की तिची टोके बोथट होतात आणि ती टिंबासारखी दिसू लागते. परंतु टिंबाची कड सगळीकडून सारखी फिरते, झिजलेल्या चांदणीची कड दातेरी राहते. प्रकाश एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून पाडला की हा फरक कळतो. पहिल्या दहा नाण्यांना अर्धा तास लागेल, शंभराव्या नाण्याला दोन सेकंद पुरतील.

आपण दुकानदार आहात, ही या छंदातील मोठी सोय आहे आणि तिचा आपल्याला विसर पडलेला दिसतो. इतर संग्राहक ज्या नाण्यांसाठी प्रदर्शने पालथी घालतात, ती रोज आपल्या गल्ल्यात येऊन पडतात. बँकेतून सुट्या नाण्यांची थैली घ्या, रात्री मुलाला ती चाळू द्या, हवी ती दोन-चार काढून घेऊन तेवढेच पैसे त्यात घाला आणि सकाळी बाकीची गिऱ्हाइकांना मोड म्हणून द्या. म्हणजे छंदाचा खर्च बाजूला काढलेल्या नाण्यांच्या दर्शनी किमतीएवढाच. जाता जाता आणखी एक: दहा रुपयांचे अमुक नाणे चालत नाही, दहा रेषांचे खरे आणि पंधरा रेषांचे खोटे, असे गिऱ्हाईक किंवा शेजारचा दुकानदार सांगेल, पण जानेवारी २०१८ पर्यंत निघालेली सर्व १४ प्रकारची नाणी वैध आहेत असे रिझर्व्ह बँकेने त्याच महिन्यात सांगितलेले आहे. लोक ज्यांना घाबरतात ती सगळी आपण आनंदाने घ्या. मुलाला १४ प्रकार आयते मिळतील.

सुरुवातीला एकच नाणे निवडावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. जगातील नाणी, राजेरजवाडे, चांदीचे रुपये असे सगळे एकदम हाती धरणारा मुलगा सहा महिन्यांत कंटाळतो. १९९२ ते २००४ या काळातील स्टीलचा एक रुपया घ्या: तो २५ मिलिमीटर व्यासाचा आणि ४.८५ ग्रॅम वजनाचा असतो. वहीच्या पानावर उभे सन आणि आडव्या टांकसाळी मांडून चौकटी आखा, परदेशी खुणांसाठी शेवटी एक रिकामा रकाना ठेवा आणि मिळेल तसे भरत जा. प्रत्येक चौकटीत नाणे असेलच असे नाही, कारण प्रत्येक टांकसाळीने प्रत्येक वर्षी प्रत्येक नाणे पाडलेले नसते, आणि कोणती चौकट रिकामी राहते हे शोधण्यातच निम्मी मजा आहे. दुसरे पान महाराष्ट्राचे करता येईल. १९९० मधील डॉ. आंबेडकरांचा रुपया, १९९९ मधील संत ज्ञानेश्वरांचा रुपया, त्याच वर्षीचे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे नाणे, २००२ मधील संत तुकारामांचे दोन रुपये आणि २००७ मधील लोकमान्य टिळकांचे पाच रुपये, ही पाच नाणी जमवायला फारसा खर्च नाही. पण मुलाने प्रत्येकाच्या वेगवेगळ्या टांकसाळी शोधायला सुरुवात केली की हे पान वर्षभर पुरेल.

जवळ एक लोहचुंबक ठेवा. आपल्या दुकानात तो खोक्याने मिळत असेल. १९९२ नंतरचा स्टीलचा रुपया त्याला चिकटतो, त्याआधीचा तांबे-निकेलच्या मिश्रधातूचा चिकटत नाही, आणि साठच्या दशकातील शुद्ध निकेलचा रुपया पुन्हा चिकटतो. २००५ ते २००७ च्या सुमाराच्या पाच रुपयांच्या काही स्मारक नाण्यांत एकाच चित्राचे नाणे दोन्ही धातूंत आढळते, आणि नुसत्या नजरेला दोन्ही सारखीच दिसतात. चुंबक आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा ही दोन साधने भिंगाइतकीच कामाची आहेत.

वाण आणि चूक यांत गल्लत करू नये. टांकसाळीची खूण, अक्षरांचे वळण, आकड्याची उंची किंवा धातू यांतील फरक ठशातच किंवा योजनेतच असतो, तो हजारो नाण्यांवर सारखा येतो. त्याला वाण म्हणावे. चूक ही पाडताना घडते आणि बहुधा एकट्या नाण्यावर घडते. कोरी चकती सरकल्याने चित्र अर्धे पडते. आधीचे नाणे ठशाला अडकून राहिल्याने पुढच्या चकतीवर एका बाजूला तेच चित्र उलटे आणि खोलगट उमटते, ज्याला आपल्याकडचे व्यापारी 'लाखी' म्हणतात. कधी दोन ठशांपैकी एक सैल होऊन फिरतो आणि छापा सरळ धरला तर काटा तिरका येतो. हा शेवटचा प्रकार आपल्याकडे बराच सापडतो. नाणे वर-खाली दोन बोटांत धरून दाराच्या पानासारखे फिरवा. मागची बाजू सरळ उभी दिसायला हवी. चार-पाच अंशांचा कल कोणी मोजत नाही, पण घड्याळातील तीन वाजल्याइतका कल असेल तर ते नाणे वेगळे ठेवावे.

तिसरा प्रकार सर्वांत जास्त सापडतो आणि तो म्हणजे नाणे बाहेर पडल्यावर झालेली इजा. रेल्वेच्या रुळावर चपटे केलेले, गॅसवर तापवून काळे-निळे झालेले, सोनाराने कड कापलेले, बोल्टखाली वॉशर म्हणून वापरलेले, असे प्रत्येक नाणे समाजमाध्यमांवर 'दुर्मीळ चूक' म्हणून फिरत असते. यावर एक कसोटी सांगतो. नाण्याच्या कडेचा घास घेतल्यासारखा अर्धचंद्र तुटलेला असेल, तर त्याच्या बरोबर समोरच्या किनारीकडे पाहा. पत्र्यातून चकती कापतानाच तो घास गेला असेल, तर पुढे किनार उठवताना त्या जागी दाब मिळत नाही आणि म्हणून समोरची किनारही अशक्त, पसरट उमटते. समोरची किनार ठसठशीत असेल तर बहुधा कानशीने कोणीतरी उद्योग केला आहे.

हे मी पैसे देऊन शिकलो. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी दहा रुपयांचे एक नाणे घेतले, ज्याच्या पिवळ्या कड्यातील पांढरा गाभा उलटा बसलेला होता, म्हणजे छाप्याच्या बाजूला काट्याचा मधला भाग. विक्रेत्याने हजारो मागितले, मी घासाघीस करून ते निम्म्यावर आणले आणि स्वतःवर खूश होऊन घरी आलो. त्या रात्री भिंगाखाली पाहिले, तेव्हा गाभा आणि कडे यांच्या सांध्यावर सबंध वर्तुळभर बारीक ओरखडे होते आणि एका ठिकाणी धातू चेपून चकाकत होता. टांकसाळीत गाभा आणि कडे एकाच ठोक्यात एकमेकांत बसतात, आणि त्याच ठोक्यात वरचे चित्रही उमटते. तयार नाण्याचा गाभा उलटा बसण्याचा मार्गच तिथे नाही. गाभा ठोकून काढून, उलटा करून, शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडयंत्रात, दाबून बसवला होता. भिंग त्या वेळी माझ्या खिशातच होते. घासाघीस करण्याच्या भरात ते काढायचे राहिले. नाणे अजून माझ्याकडे आहे, नवशिक्यांना दाखवायला ते फार उपयोगी पडते. असे उद्योग करणाऱ्यांना बहुधा माहीत नसते की २०११ च्या नाणे कायद्याने नाणे वितळवणे वा नष्ट करणे हा गुन्हा ठरवला आहे.

आता तांब्याच्या अकरा नाण्यांकडे. आपण पत्रासोबत पाठवलेल्या फोटोत दोन नाण्यांवर 'राजा' आणि एकावर 'छत्र' इतके स्पष्ट वाचता येते, तेव्हा ती शिवराई नाणी आहेत याबद्दल मला शंका नाही. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति', असा त्यांवरचा लेख असतो. ही नाणी शिवाजी महाराजांनी सुरू केली, पण त्यांच्या नावाने पुढे पिढ्यान्‌पिढ्या, पेशवाईत आणि त्यानंतरही, अनेक ठिकाणी पाडली गेली. बाजारात मिळणारी बहुतेक शिवराई अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील आहे. ती 'महाराजांच्या हातची' म्हणून विकणाऱ्यापासून सावध राहावे. लेखाच्या ओळींमध्ये दोन समांतर रेषा असतील तर ती दुदांडी शिवराई, आणि तीही उत्तरकाळातील. किंमत म्हणाल तर साधी शिवराई अजूनही सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे. पण वाणांच्या बाबतीत ही नाणी सरकारी रुपयापेक्षा कितीतरी श्रीमंत आहेत, कारण ठसे हाताने कोरलेले: कुठे 'शिव', कुठे 'सिव', कुठे 'सीव', कुठे 'पति', कुठे 'पती', कडेला टिंबांची माळ, मध्येच कारागिराने टाकलेले एखादे चिन्ह. तांब्याचा तुकडा ठशापेक्षा लहान असल्याने कोणत्याही एका नाण्यावर सगळा लेख येत नाही. अकराही नाण्यांचे तिरप्या उजेडात फोटो काढून, कोणावर कोणते अक्षर आले आहे ते मुलाने कागदावर नोंदवले आणि त्यातून पूर्ण लेख जुळवला, तर दिवाळीच्या सुट्टीचे काम झाले. त्याच सुट्टीत मुंबईत फोर्टमधील रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय किंवा नाशिकजवळ अंजनेरीची नाणेसंशोधन संस्था त्याला दाखवता आली तर फार चांगले.

मात्र चिंच नको. लिंबू नको, राख नको, पितांबरी नको, टूथपेस्ट नको. तांब्यावर शंभर-दोनशे वर्षांत जो तपकिरी थर बसलेला असतो, तो मळ नसून त्या नाण्याची कातडी असते. आजीने देवाची भांडी घासायला घेतली असताना मीही माझी पहिली शिवराई त्या ढिगात सरकवली होती. ती लालबुंद, चकचकीत होऊन बाहेर आली, आणि 'शिव'मधला अगोदरच पुसट असलेला 'व' कायमचा गेला.

पुराच्या चिखलाची गोष्ट वेगळी आहे, तो काढावाच लागेल. बॅटरीत घालण्यासाठी मिळते ते डिस्टिल्ड वॉटर आणा. स्टील, तांबे-निकेल, ॲल्युमिनियम आणि तांबे यांची नाणी वेगवेगळ्या काचेच्या वाट्यांत त्यात भिजत घाला, रोज पाणी बदला आणि चिखल आपोआप सुटू द्या. अजिबात घासू नका. दहा व वीस पैशांच्या ॲल्युमिनियमच्या नाण्यांना सोडा किंवा आम्ल लागू देऊ नका, ती खड्डे पडून खराब होतात. नंतर मऊ सुती कापडावर टिपून पूर्ण कोरडी करा. ठेवण्यासाठी मऊ प्लॅस्टिकच्या खिशांचे जे अल्बम मिळतात, आणि कदाचित आपणही विकत असाल, ते टाळा. त्यातील प्लॅस्टिक काही वर्षांनी हिरवट चिकट होऊन नाण्याला लागते. पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये नाणे ठेवून पिना मारा, त्यांची उठलेली टोके पक्कडीने दाबा, आणि डब्यात सिलिकाची पुडी टाका. कोकणातील पावसाळ्यात ही पुडी दर वर्षी बदलावी लागेल. साध्या नाण्यांना काचबंद डबीत घालून दर्जा ठरवून देणाऱ्या कंपन्यांकडे मात्र पाठवू नका. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होईल.

मस्कतच्या बंधूंना मात्र नाही म्हणावे लागेल. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही, मग ते शंभर रुपयांचे का असेना. त्यांनी सुट्टीवर घरी येऊन पाहावे. त्यांना काही न्यायचेच असेल, तर परदेशी खुणांचे रुपये द्या. आणि कोणाच्या शेतात, घराच्या पायाच्या खोदाईत, विहिरीत जुनी नाणी सापडली असे सांगत कोणी आलेच, तर ती घेऊ नका. अशा निधीची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचा कायदा १८७८ पासूनचा आहे.

खर्चाचे विचारले आहे. चांगले भिंग, वजनकाटा, शंभर होल्डर आणि एक वही, हे सगळे मिळून आपण 'नोंदणी'साठी गमावलेल्या रकमेपेक्षा फार जास्त होणार नाही. विकण्यासाठी जमवू नका, एवढेच म्हणेन. पुढेमागे काही विकले जाईल, नाही असे नाही, परंतु भावासाठी जमवणारा मुलगा सनाखाली पाहायचे सोडून मोबाईलमध्ये पाहू लागतो.

आपल्या फोटोत डाव्या कोपऱ्यात, चिखलाने निम्मे झाकलेले, पन्नास पैशांचे एक नाणे आहे. त्यावरचा चेहरा नेहरूंचा आहे, तेव्हा ते १९६४ चे. हे नाणे दोन प्रकारांत निघाले: एकावर त्यांचे नाव इंग्रजीत आहे, दुसऱ्यावर नागरीत. आपल्या नाण्यावर चिखलातून 'ल' आणि 'ने' दिसतात, म्हणजे ते नागरीचे. वडिलांनी इंग्रजीचे सोडून नेमके हेच उचलले असेल असे मला वाटत नाही. दुसऱ्या डब्यात पाहा, आणि सापडले तर दोन्हींच्या टांकसाळी कोणत्या ते मुलाला माझ्याकडे लिहून पाठवायला सांगा.